तीच बाई, सहा महिन्यांनंतर

११ जानेवारी, सोमवार

पुन्हा ट्रेनिंग! सर्व्हेच्या प्रत्येक फेरीआधी तीन दिवस. दारोदार जाऊन लोकांच्या मनःस्थितीबद्दल तेच नऊ प्रश्न विचारायचे. चार वर्षं विचारतेय, झोपेतही विचारू शकेन. पण सर ऐकत नाहीत. म्हणतात, माणूस सवयीने बहिरा होतो. मनगटावरचं घड्याळ थोड्या वेळाने जाणवेनासं होतं, तसे प्रश्नही जाणवेनासे होतात. जे बदलत नाही त्याची दखल घेणं मेंदू सोडून देतो.

नवीन लोक भराभरा लिहून घेत होते. मी घड्याळ काढून पुन्हा घातलं. जाणवेनासं व्हायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

जोडी यंदाही टकळीशीच. तोंडाची टकळी अखंड चालू म्हणून टकळी. आज नऊपासून अकरापर्यंत जावेचे नवे पडदे! मला नुसती मान हलवायची असते. बरं पडतं.

१२ जानेवारी

सरावाच्या मुलाखती. एकाने विचारायचं, दुसऱ्याने पेशंट व्हायचं. पेशंटला कार्ड मिळतं — वय काय, काम काय, कोणत्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं. माझ्या कार्डावर शाळेतली शिक्षिका होती. नवऱ्याची बदली, सासरचा त्रास, लांबलचक. वाचून लक्षात ठेवायचा कंटाळा आला. टकळीने सुरुवात केली तेव्हा कार्ड पालथं घातलं आणि माझंच सांगत गेले. तेवढेच कष्ट कमी.

गेल्या पंधरा दिवसांत कशातच रस वाटेनासा झाला का? उत्तरं चार — मुळीच नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. शून्य ते तीन गुण. मी म्हटलं, जवळजवळ रोज. झोपेचं? रोज. दमल्यासारखं वाटतं? रोज. टकळी म्हणाली, एखादं उदाहरण द्या. मी म्हटलं, सकाळी दात घासायला जाते आणि ब्रश हातात धरून उभी राहते. वाईट वाटत असतं म्हणून नाही. यापुढे काय करायचं असतं ते सुचत नाही म्हणून.

नववा प्रश्न — जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावंसं वाटतं का. शून्य. ते तर शून्यच आहे.

एकूण अठरा. मान वर केली तर आजूबाजूच्या जोड्या आपापलं काम सोडून आमच्याकडे बघत होत्या. आणि एकदम टाळ्या! सर म्हणाले, "अहो, इतकी वर्षं ही कला कुठे लपवून ठेवली होतीत?" टकळीने दंडाला चिमटा काढला — "भवाने, काटा आला ना माझ्या अंगावर!" सगळे हसले. मीही हसले असणार.

कुणालाही खरं सांगायचं ठरवलं नव्हतं. न सांगायचंही ठरवलं नव्हतं.

१३ जानेवारी

सरांनी व्हिडिओ करून घेतला. नव्या लोकांना हाच एक व्हिडिओ दाखवणार, प्रत्येकाने आपापले गुण द्यायचे, कुणाचे दोनाहून जास्त चुकले तर त्याला परत ट्रेनिंग. मोजपट्टी सगळ्यांची एक हवी, म्हणाले. फॉर्मवर माझं नाव नाही. नुसतं 'नमुना ४'.

कॅमेरावाल्याने विचारलं, किती वेळा घ्यावं लागेल? एकदाच लागलं. नऊ मिनिटं. कालचंच सांगितलं, एकही शब्द शोधावा लागला नाही.

१५ जानेवारी

काही नाही.

१८ जानेवारी

सरांनी सांगितलं होतं की एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलं की माणूस विसरतो. दार ओलांडलं की मेंदू आधीचं पान उलटून टाकतो. हे घरी सांगून मोठी चूक केली. सासूबाईंना आयतंच सापडलं! आज दूध उतू गेलं तर म्हणतात, "माझा दोष नाही. दाराचा आहे."

हा म्हणाला, "मग दारंच काढून टाकू का, आई?"

"काढ की. आख्ख्या गावाच्या लिफ्ट दुरुस्त करत हिंडतोस, घरातली चार दारं काढता येत नाहीत होय?"

मायलेक हसून हसून लोळायचे बाकी राहिले. मला कळत होतं की हे मजेशीर आहे. कळण्यात काही बिघाड नाही. फक्त कळल्यावर पुढे जे होतं ते झालं नाही. मी ओटा पुसला.

२२ जानेवारी

नव्या तेवीस जणांनी व्हिडिओ बघून गुण दिले. एकोणीस जणांचे अठरा, तिघांचे सतरा, एकीचे एकोणीस. इतकं एकमत कधीच झालं नव्हतं म्हणे. सर जाम खूश, सगळ्यांना चहा.

चहाच्या वेळी एक नवी मुलगी माझ्यासमोर येऊन थबकली. "मॅडम, तुम्हीच ना त्या? अय्या, प्रत्यक्षात किती नॉर्मल दिसता हो!"

थँक यू म्हटलं. आणखी काय म्हणणार!

तेवीस माणसांनी मला बरोबर ओळखलं आणि नंतर चहा प्यायला. तक्रार नाही. नोंद म्हणून लिहिलं.

२७ जानेवारी

हा द्राक्षं घेऊन आला. मला आवडतात म्हणून. एक खाल्लं. गोड होतं. गोड आहे हे जिभेला नीट कळलं. पण दुसऱ्याकडे हात गेला नाही.

सर सांगतात, आवडणं आणि हवंसं वाटणं या मेंदूतल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण एकच समजतो. माणसाचं आवडणं शाबूत राहू शकतं आणि हवंसं वाटणं बंद पडू शकतं. मग घरचे म्हणतात, अंगात आळस भरलाय, जरा उठून बाहेर पड म्हणजे बरं वाटेल. आणि उठायला जे लागतं तेच तर संपलेलं असतं. वर्गात हे ऐकताना मी माझ्या पेन्सिलीला टोक करत होते.

"आंबट आहेत का?" याने विचारलं.

"छे, छान आहेत."

उरलेली त्याने खाल्ली, उभ्या उभ्या, माझ्याकडे बघत. मग पिशवी नीट घडी करून खणात ठेवली. तो कधीच घडी करत नाही.

२ फेब्रुवारी

फेरी सुरू. तिसऱ्या मजल्यावर एक बाई, कपडे शिवते. मशीनवरून उठलीच नाही. म्हणाली, विचारा, हात चालू दे माझे. टकळी खालच्या मजल्यावर होती, म्हणून मी एकटीच.

आठ प्रश्न झाले, मशीन चालूच. नवव्याला थांबलं. बाईने कापडावरचा धागा तोडला आणि म्हणाली, "काही दिवस." नंतर म्हणाली, "जास्त दिवस. असं लिहा."

नियम आहे — नवव्याला शून्याशिवाय काहीही आलं की त्या घरातून उठायचं नाही. माणसाला एकटं सोडायचं नाही. तिथूनच ड्युटीवरच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावायचा, त्यांचं बोलणं होईपर्यंत जवळ बसायचं. घाबरवायचं नाही, उपदेश करायचा नाही, 'मुलांकडे बघा' म्हणायचं नाही. मी स्टूल ओढून मशीनशेजारी बसले. विचारलं, घरात आणखी कुणाला ठाऊक आहे? म्हणाली, कुणाला सांगू? ज्याला सांगायचं तो म्हणणार, तुला काय कमी आहे! तिच्या हातात काहीतरी असावं म्हणून मी माझ्या पिशवीचा तुटलेला बंद पुढे केला. तिने तो शिवला. डॉक्टरीणबाई वीस मिनिटं बोलल्या. उद्याची वेळ ठरली, बहिणीला बोलावून घेतलं, ती धापा टाकत आली, मग मी उठले.

दाराशी बाई म्हणाली, "तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. कुणी विचारतच नाही हो."

जिना उतरताना वाटलं, मला तर दर फेरीआधी सरावात विचारतात.

टकळीला सांगितलं तर तिचे डोळे भरले. मला म्हणाली, "तू किती शांत राहतेस गं. मला नसतं जमलं." शांत! घरी आले, बंद शिवलेली पिशवी खुंटीला लावली. शिलाई सुरेख आहे, दुहेरी.

३ फेब्रुवारी

उठले. गेले. आले.

९ फेब्रुवारी

सरांचं आजचं — अर्धवट राहिलेलं काम डोक्यात टोचत राहतं, पुरं झालं की मेंदू त्याला सोडून देतो. म्हणून म्हणे गाण्याची अर्धीच ओळ आठवली तर दिवसभर छळते.

माझ्या कपाटात अर्धा विणलेला स्वेटर आहे, अर्धी वाचलेली दोन पुस्तकं, नणंदेला अर्धं लिहिलेलं पत्र. काहीच टोचत नाही. सरांना विचारावंसं वाटलं की न टोचण्याला काय म्हणतात. हात वर करायचा राहून गेला.

१५ फेब्रुवारी

सरांच्या डोक्यात नवीन कल्पना. आता म्हणे दुसरा व्हिडिओ हवा — तीच बाई, सहा महिन्यांनंतर. औषधोपचार झालेले, बरी झालेली. म्हणजे नव्या लोकांना फरक मोजायला शिकवता येईल. "आणि तो तुमच्याशिवाय कोण करणार?" म्हणाले. टकळी म्हणाली, "ऑस्कर घरी आणणार ही!"

कार्ड दिलंय. जवळजवळ सगळीकडे शून्य, झोपेला तेवढा एक.

१८ फेब्रुवारी

जेवणं झाल्यावर टेबलावर सराव केला. याला प्रश्न वाचायला सांगितले. मी कार्डावरचं वाचलं — हो, आता कामात रस वाटतो. हो, झोप बरी लागते. नाही, स्वतःबद्दल वाईट असं काही वाटत नाही.

तो प्रत्येक उत्तराला मान डोलवत होता. शेवटी म्हणाला, "बघ, असं बोललीस की किती बरं वाटतं!"

"अरे, कार्ड आहे हे."

"हो, माहीत आहे ना," म्हणाला आणि पाणी प्यायला उठला. दाराच्या पलीकडे बराच वेळ नळ चालू होता. मला त्याच्याबद्दल वाईट वाटायला हवं होतं. हवं होतं एवढं समजलं.

२३ फेब्रुवारी

अकरा वेळा घेतलं. अकरा!

पहिल्यांदा सगळी उत्तरं बरोबर दिली. कॅमेरावाला म्हणाला, मॅडम, बातम्या वाचल्यासारखं होतंय. दुसऱ्यांदा हसून दिली. सर म्हणाले, हसू नका, नुसत्या बऱ्या व्हा. तिसऱ्या, चौथ्या वेळी खांदे, हात, बसणं. सर समजावत होते — बरं झालेलं माणूस उत्तर द्यायच्या आधी पुढे झुकतं, आवाजात चढउतार येतो, डोळे समोरच्याबरोबर फिरतात. मी पुढे झुकले. चढउतार केले. टकळी म्हणाली, अगं, चक्कर आल्यासारखं का करतेयस!

अडलं ते पहिल्याच प्रश्नाच्या उदाहरणाशी. 'अलीकडे कशात मजा आली ते सांगा.' कार्डावर उदाहरण नव्हतं, तिथे नुसतं लिहिलेलं — स्वतःचं काहीतरी सांगा. टकळी म्हणाली, सासूबाईंचं दाराचं सांग की! सांगितलं. दूध, दार, लिफ्ट, सगळं. कॅमेरावाला खो खो हसला. मी सांगून झाल्यावर थांबले, तर तोही थांबला. म्हणाला, "सॉरी मॅडम, गोष्ट मस्त आहे, पण तुम्ही दुसऱ्या कुणाच्या घरातलं सांगताय असं वाटतंय."

दुपार उलटून गेली. सर थकले होते, पण चिडले नाहीत. खुर्ची ओढून समोर बसले. "हे तर सोपं आहे हो. अवघड होतं ते तुम्ही एका दमात केलंत. पहिल्या वेळी जे केलं होतंत तेच करा. मनाची काय तयारी केली होती तेव्हा?"

मी म्हटलं, "पहिल्या वेळी काही केलंच नव्हतं, सर."

कुणाला काही कळलं नाही आधी. म्हणून परत सांगितलं. "कार्ड वाचलं नव्हतं मी. माझंच सांगितलं होतं."

कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू होता. कॅमेरावाल्याने पुढे होऊन तो बंद केला. टकळी गप्प. चार वर्षांत पहिल्यांदा गप्प! तिने माझा हात धरला, तिचा गार होता की माझा, कोण जाणे.

मला लाज वाटली नाही. हलकंही वाटलं नाही. खुर्चीत बसून बसून पाठ दुखत होती, तेवढं वाटलं.

२४ फेब्रुवारी

सरांनी खोलीत बोलावलं. टेबलावर तेवीस फॉर्मचा गठ्ठा. बराच वेळ बोटाने त्याच्या कडा सारख्या करत होते.

"मी वर्गात सांगतो की माणूस जे बघायची अपेक्षा करतो तेच त्याला दिसतं. वीस वर्षं सांगतोय. नाटक बघायला बसलो, नाटक दिसलं." मग म्हणाले, "चार वेळा बघितला मी तो व्हिडिओ. दर वेळी म्हटलं, वा!"

मी म्हटलं, जाऊ द्या सर, गुण तर बरोबर दिलेत.

हे मी गमतीने म्हटलं होतं. त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. वाईट झालं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आणि माझ्या डोक्यात काय, तर खिडकीचा पडदा एका कडीतून सुटलाय!

मग त्यांनी रीतसर विचारलं — किती दिवस? दीड-दोन वर्षं. कशामुळे? कशामुळेच नाही. कुणी गेलं नाही, काही बुडालं नाही, घरात कुणी वाईट वागत नाही. हेच सांगायला अवघड आहे. कारण असतं तर कधीच सांगितलं असतं. ते म्हणाले, कारण सापडलंच पाहिजे असं नाही, पाय मुरगळला तरी आपण आधी कारण शोधत बसत नाही, पट्टी बांधतो. आणि यावर औषध आहे, बोलण्याचे उपचार आहेत, लोक बरे होतात. हे सगळं मीच लोकांना सांगते. त्यांच्या तोंडून वेगळं ऐकू आलं की नाही, ठरवता येत नाही.

"आणि नववा?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे न बघता.

"शून्यच, सर. तो व्हिडिओतलाच."

"नक्की?"

"नक्की."

तो व्हिडिओ आता दाखवणार नाहीत. मी म्हटलं, दाखवा की, चांगला आहे. ते म्हणाले, नाही. डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली आहे, पाच तारखेची. त्याआधी घरी सांगायचं असं माझ्याकडून कबूल करून घेतलं. तोवर रोज सकाळी टकळी फोन करणार.

२६ फेब्रुवारी

घरी सांगितलं. सासूबाई शेंगा सोलत होत्या, हा बूट काढत होता. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं, फॉर्म भरल्यासारखं.

हा एक बूट हातात धरून बसला. "मला वाटलं, तू शांत झालीयेस," म्हणाला. "वय झालं की माणसं शांत होतात ना. मी मित्रांना सांगायचो, आमच्या घरात अजिबात कटकट नाही म्हणून."

सासूबाईंनी शेंगांचं ताट बाजूला सारलं. "मी म्हणतच होते! दोन वर्षं झाली, ही माझ्याशी एकदा भांडली नाही. मला वाटलं, सुधारली. मूर्ख मी." आणि पदराला हात पुसत उठून माझ्याजवळ आल्या, पण जवळ आल्यावर काय करायचं ते त्यांना कळेना. शेवटी माझ्या खांद्यावरचा दोरा की केस काहीतरी काढून टाकलं. म्हणाल्या, "बरी हो आणि भांड बाई माझ्याशी. एकटीने भांडून कंटाळा आला."

हा नंतर आत येऊन म्हणाला, पाच तारखेला मी सुट्टी टाकतोय. नको म्हणायला गेले, तर म्हणाला, लिफ्ट बंद पडू देत सगळ्या, लोक चढतील पायांनी. तो माझा नवरा आहे आणि मला तो आवडतो. हे मी आज इथे मुद्दाम लिहून ठेवतेय. वाटत नसलं तरी माहीत आहे.

१ मार्च

टकळीचा फोन. आज पडदे नाहीत, जाऊ नाही. नुसतंच, "उठलीस का? दात घासलेस?" मी म्हटलं, घासले. म्हणाली, "शाब्बास." आणि रडायला लागली. मग मीच तिला धीर दिला. उलटाच कारभार!

३ मार्च

याने खणातली पिशवी काढून पुन्हा द्राक्षं आणली. दोन खाल्ली. दुसरं त्याच्यासाठी.

५ मार्च

डॉक्टरीणबाईंचा आवाजच ओळखीचा होता, आज पहिल्यांदा पाहिलं. बुटक्या आहेत. नऊही प्रश्न विचारायला लागल्या. मी म्हटलं, पाठ आहेत मला. म्हणाल्या, असू देत. आठपर्यंत सगळं व्हिडिओसारखंच. नवव्याला मी म्हटलं, जवळजवळ रोज.

त्या उठल्या नाहीत. स्टूल ओढून जवळ बसल्या. याला आत बोलावलं.

अठरा नाही, एकवीस. या वहीतही मी शून्यच लिहीत आले.